जुनी लेन्स, नवी बॉडी: ॲपर्चर कोण फिरवणार?

‘ताई, ही लेन्स त्या कॅमेऱ्याला बसेल का?’ आमच्या रत्नागिरीच्या स्टुडिओत लग्नसराई संपली की हा प्रश्न हमखास येतो. मामंजींच्या काळातले निकॉन आणि सोव्हिएत बनावटीचे झेनिट कॅमेरे घराघरांतून बाहेर निघतात, आणि पोराने नुकताच घेतलेला सोनी नाहीतर फुजी शेजारी ठेवला जातो. माझं उत्तर ठरलेलं आहे. बसेल हो, हल्ली ॲडॅप्टर, म्हणजे मधली जोडकडी, लावून जवळजवळ काहीही बसतं. पण बसल्यावर तिचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं लहानमोठं होणारं भोक, कोण फिरवणार, ते आधी सांगा.

त्याआधी एक वजाबाकी करावी लागते. कॅमेऱ्याच्या माउंटपासून (लेन्स जिथे बसते त्या कडीपासून) सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक कंपनीने ठरवून टाकलेलं आहे. निकॉनच्या १९५९ सालच्या एफ माउंटचं ४६.५ मि.मी., कॅननच्या ईएफचं ४४, झेनिट आणि जुन्या पेंटॅक्सच्या आट्यांच्या एम४२ माउंटचं ४५.४६. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नसल्याने हे अंतर एकदम खाली आलं: सोनी ई १८, फुजी एक्स १७.७, कॅनन आरएफ २०, निकॉन झेड फक्त १६. लेन्सच्या अंतरातून बॉडीचं अंतर वजा करा. जे उरतं ती ॲडॅप्टरची जाडी. निकॉन एफची लेन्स सोनीवर लावायची तर ४६.५ वजा १८, म्हणजे २८.५ मि.मी.ची पोकळ नळी. आत काच नाही, त्यामुळे चित्राच्या दर्जाला धक्का नाही.

वजाबाकी उणे आली तर विषय सोडून द्या. झेनिटची लेन्स निकॉनच्या डीएसएलआरवर, म्हणजे आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर, लावायला गेलात तर एक मिलिमीटर कमी पडतो, आणि दूरचं काही फोकसच होत नाही. दुकानदार यावर भिंग बसवलेला ॲडॅप्टर पुढे करतात. घेऊ नका. पन्नास वर्षं जपलेल्या काचेच्या मागे स्वस्तातली काच लावून काय मिळवायचं? तीच लेन्स कॅननच्या डीएसएलआरवर दीड मिलिमीटरच्या पातळ चकतीने मजेत चालते. सोनीची लेन्स निकॉन झेडवर जाते कारण मध्ये दोन मि.मी. जागा उरते; उलट मात्र जमत नाही.

आता ॲपर्चर. इथेच लोकांचे पैसे वाया जातात, म्हणून जरा थांबून वाचा.

लेन्सवर ॲपर्चरची रिंग असेल, म्हणजे २, २.८, ४, ५.६ असे आकडे कोरलेली फिरती कडी असेल, तर तुमचं काम सोपं. साधा धातूचा ॲडॅप्टर घ्या, हाताने फिरवा. निकॉनच्या एआय आणि डी लेन्स यात येतात. डी लेन्सची रिंग मोठ्या आकड्यावर कुलूपबंद असते, ती खटकी आधी काढा.

निकॉनच्या जी लेन्सवर रिंग नसते. मागे एक छोटी दांडी असते, जी कॅमेरा ढकलतो. साध्या ॲडॅप्टरवर ही दांडी कुणीच ढकलत नाही, मग लेन्स कायमची बंद, म्हणजे सर्वांत लहान भोकावर राहते, एफ/१६ किंवा एफ/२२ वर. त्यामुळे जी लेन्ससाठी स्वतःची रिंग असलेला ॲडॅप्टर मागा. त्या रिंगवर एफचे आकडे नसतात, अंदाजानेच चालवायचं. कॅनन ईएफची तऱ्हा उलटी: तिचं ॲपर्चर पूर्ण विजेवर चालतं, त्यामुळे साध्या ॲडॅप्टरवर ती सहसा सताड उघडी राहते. जुनी कॅनन बॉडी हाताशी असेल तर एक जुगाड आहे. बॉडीवर एफ/८ ठेवायचं, डेप्थ-ऑफ-फील्डचं बटण दाबून धरायचं आणि तसंच धरून लेन्स काढायची. ती आठावरच अडकून राहते. एखाद्या फोटोपुरतं ठीक आहे. सोनीवर रोजच्या वापराला सिग्मा एमसी-११ किंवा मेटाबोन्ससारखा विजेच्या संपर्कपिना असलेला ॲडॅप्टरच हवा. त्यात ऑटोफोकसही मिळतो.

एकाच कंपनीत राहणाऱ्यांनाही एक सूचना. निकॉनचा एफटीझेड ॲडॅप्टर घेतला की आत मोटर असलेल्या एएफ-एस लेन्स झेडवर ऑटोफोकससकट चालतात, पण आपल्याकडे घरोघरी असलेली ५० मि.मी. १.८ डी आपणहून फोकस करत नाही. तिच्यात मोटर नाही, आणि एफटीझेडमध्ये तिला फिरवणारा स्क्रूही नाही. ॲपर्चर आणि उजेडाचं मोजमाप मात्र कॅमेराच सांभाळतो. कॅननवाले सुखी: त्यांचा ईएफ-ईओएस आर ॲडॅप्टर लावला की ईएफ लेन्स जशीच्या तशी चालते.

नवा ॲडॅप्टर हातात आला की आधी आतून बघा. स्वस्तातल्या काहींत धातूचा बारीक किस राहिलेला असतो, तो सेन्सरवर पडला तर रडाल. ब्लोअर मारा, मऊ ब्रशने आटे साफ करा. आतली भिंत चकचकीत असेल तर उजेडासमोर फोटो पांढरट येतात. अशा ठिकाणी काळा मखमली कागद चिकटवला की फरक दिसतो.

मग लेन्स ॲडॅप्टरला लावायची आणि दोन्ही मिळून बंद असलेल्या कॅमेऱ्याला. इथे गंमत अशी, की निकॉनची लेन्स समोरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने बसते, सोनी आणि कॅननची घड्याळाच्या दिशेने. म्हणजे एकाच जोडणीत दोन दिशा. अडलं की जोर लावणारे पुष्कळ बघितलेत. जोर लावायचा नाही, दिशा बघायची. काढतानाही ॲडॅप्टरची स्वतःची खिटी असते, ती दाबा, नाहीतर लेन्सऐवजी ॲडॅप्टरच बॉडीवरून फिरून येईल.

शटर दाबलं आणि काहीच झालं नाही, तर कॅमेरा बिघडलेला नाही. त्याला वाटतंय लेन्सच लावलेली नाही. सोनीत ‘रिलीज विदाउट लेन्स’, फुजीत ‘शूट विदाउट लेन्स’ चालू करा. निकॉन झेडमध्ये ‘नॉन-सीपीयू लेन्स डेटा’त फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मि.मी.चा आकडा) आणि ॲपर्चर भरा. बॉडीत हाताचा कंप सावरणारा स्टॅबिलायझर असेल तर फोकल लेंग्थ हाताने भरायला विसरू नका. ५८ ची लेन्स लावून आकडा २०० चा राहिला तर स्टॅबिलायझरच चित्र हलवतो. मोड ॲपर्चर प्रायोरिटी (ॲपर्चर तुमचं, शटरचा वेग कॅमेऱ्याचा), आयएसओ ऑटो.

आता अनंत, म्हणजे अगदी दूरचा फोकस, तपासा. मी मांडवीच्या जेट्टीवर उभी राहून रत्नदुर्गावरचं दीपगृह धरते. लेन्स पूर्ण उघडी, फोकस रिंग शेवटपर्यंत, आणि पडद्यावर चित्र मोठं करून बघायचं. टोकाला जायच्या थोडं आधीच दीपगृह धारदार झालं तर ॲडॅप्टर केसभर पातळ आहे. चालेल, फक्त लेन्सवरच्या अंतराच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. टोकाला पोचूनही धार येत नसेल तर तो जाड आहे, परत द्या. लेन्स हातात धरून हलकेच हलवूनही बघा. डगमगत असेल तर फोटोची एक बाजू नेहमी मऊ येणार.

फोकससाठी पीकिंगचे, म्हणजे धारदार कडांवर कॅमेरा दाखवतो ते, रंगीत ठिपके घाईत बरे, पण उघड्या लेन्सवर ते खोटं बोलतात. चित्र मोठं करून डोळ्याची पापणी धरणं हाच खरा उपाय. झेनिटबरोबर येणाऱ्या हेलिओस ४४-२ ची दोन रिंगांची रचना यासाठी मला फार आवडते: एक रिंग ५.६ वर ठेवून द्यायची, दुसरीने लेन्स उघडून उजेडात फोकस करायचा आणि डोळा न हलवता तीच रिंग अडेपर्यंत बंद करायची. नंतरच्या ४४एम-४ सारख्या लेन्सना मागे पिन असते, ती दाबणारी कड असलेला एम४२ ॲडॅप्टर लागतो.

लग्नात ही लेन्स मी मुंडावळ्या, मेंदी, रुखवत, शांत बसलेली आजी यांच्यासाठी काढते. अंतरपाट खाली येतो तेव्हा ऑटोफोकसचीच लेन्स. तो क्षण पुन्हा घडवून आणता येत नाही, आणि नवरीचे वडील तुमच्या हेलिओसच्या गोलगोल बोकेचं, म्हणजे मागच्या धूसरपणाचं, कौतुक करायला थांबत नाहीत.

सेकंडहँड लेन्स घेणार असाल, मुंबईच्या बोरा बाजारात असो की पुण्याच्या जुन्या बाजारात, मोबाइलचा टॉर्च मागून मारून पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे. कोकणात पावसाळ्यानंतर ती हमखास सापडते. काठावर एखादा ठिपका असेल तर किंमत पाडून घ्या, मध्यावर जाळं असेल तर ठेवून द्या. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल दिसलं तर हेलिओससारख्या हाताच्या लेन्सला फारसं बिघडत नाही. निकॉनच्या लेन्समध्ये मात्र मागची दांडी बोटाने दाबून सोडा. पाती झटकन मिटली पाहिजेत. रेंगाळली, तर दुरुस्तीचा खर्च आधी विचारा, मग भाव ठरवा.