ऊसतोडीच्या गावात पोरांसाठी फुटबॉलचं मैदान

बीड, धाराशिवकडच्या बऱ्याच गावांत दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि संघातली कितीतरी पोरं आई-बापासोबत फडावर जातात. म्हणून इथला फुटबॉलचा खरा मोसम जून ते सप्टेंबर, म्हणजे ऐन पावसाळा. मैदान आखताना हेच आधी धरून चाला.

काळी सपाट जमीन दिसायला छान, पण शक्यतो घेऊ नका. पावसात ती पायाला गोळे होऊन चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगेत पाय अडकून घोटा मुरगळतो. त्यापेक्षा गायरानातला मुरमाड माळ बरा. सात-सात जणांच्या खेळाला 55 बाय 35 मीटर जागा पुरते. मैदानाच्या मधोमध, लांबीच्या दिशेने 15 सेंमी उंचवटा ठेवून दोन्ही कडांना उतार द्या, नाहीतर पाणी मधेच तुंबतं.

काळ्या रानाशिवाय इलाज नसेल, तर अख्ख्या मैदानावर मुरूम पसरायच्या फंदात पडू नका. दाबून 10 सेंमी उरेल एवढ्या थरालाच 85-90 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) लागतो. सगळ्यात जास्त झिजते ती गोलपुढची जागा. तिथे 6 बाय 4 मीटरचे, 15 सेंमी जाडीचे दोन पट्टे केले तर साडेतीन ब्रासात भागतं. मुरूम उचलण्याआधी तहसीलची परवानगी काढा. 7-8 सेंमीचा थर, त्यावर पाणी, मग रोलर, पुन्हा तसंच. ओल बरोबर आहे का हे मुठीत कळतं: मुरूम दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे, पण बोटांतून पाणी सुटता कामा नये. कोरडा दाबलेला मुरूम पहिल्या मोठ्या पावसात उखडतो. वरचा थर वाळूच्या चाळणीतून चाळून टाका, गुडघे सोलतात ते खड्यांनी.

गोलपोस्ट 12 फूट रुंद, 6 फूट उंच. खांब काँक्रीटमध्ये अडीच फूट गाडाच. सुट्या गोलपोस्टला पोरं लोंबकळतात, तो अंगावर कोसळतो आणि अशाने जीव गेलेले आहेत. इथे पैसे वाचवू नका.

रेषांना रांगोळी वापरा. चुना डोळ्यात गेला तर भाजतो. 8 ते 12 वर्षांच्या पोरांना चार नंबरचा बॉल द्या. पंपाची पिन ओली करूनच घाला, कोरडी पिन व्हॉल्व्ह फाडते. आणि वेडी बाभूळ मुळासकट काढा. तिचा एक काटा नवा बॉल पंक्चर करतो.

सरावाची वेळ पोरींच्या आयांना विचारून ठरवा. पाणी भरायच्या वेळेला सराव ठेवला तर पोरी आठवड्यात गळतात.

पेनल्टीच्या सरावाला सेनेगलच्या सादिओ मानेची गोष्ट जरूर सांगा. आडनावामुळे पोरांना तो आपलाच वाटतो. 2022 च्या आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यात त्याची सुरुवातीची पेनल्टी अडवली गेली, आणि शेवटी शूटआउटमधली विजयी पेनल्टी त्यानेच मारली. लहानपणी त्याच्या बांबाली गावात दवाखाना नव्हता, वडील आजारपणात गेले. पुढे त्याने तिथे दवाखाना बांधला. म्हणून चुकलेल्या पोराला लगेच दुसरी पेनल्टी द्या, आणि सरावानंतरची 10 मिनिटं काटे-खडे वेचायला ठेवा, चांगल्या खेळाडूलाही सूट नाही.

फडावर जाणाऱ्या पोरांची नावं यादीतून खोडू नका. निघताना दोघांतिघांत एक बॉल आणि पिनसकट पंप सोबत द्या.