मुंबई ते लंडन विमानाला खरे किती तास लागतात, कसं काढायचं

आई जानेवारीत पहिल्यांदा एकटी मुंबईहून लंडनला माझ्याकडे येणार होती, तिला शुगर आहे, म्हणून ती विमानात नक्की किती तास बसणार हे मला आधी कळायला हवं होतं. तिकिटावर दुपारी 1 ला निघून संध्याकाळी 6 ला पोचणार असं होतं, आणि घरी सगळे म्हणाले पाचच तास तर आहेत. तसं नसतं. तिकिटावरची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते.

हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असतं, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. जाताना तिकिटावरच्या तासांत हा फरक मिळवायचा, म्हणजे 5 अधिक साडेपाच, साडेदहा तास. येताना वजा करायचा. समजा रात्री 8 ला लंडनहून निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मुंबई, तर घड्याळात साडेचौदा तास दिसतात पण प्रवास नऊच तासांचा.

तिकीट काढायच्या आधी अंदाज हवा असेल तर अंतरावरून काढा. सरळ अंतर साधारण 7,200 किमी, मोठं विमान वर गेल्यावर ताशी 900 च्या आसपास जातं, म्हणजे 8 तास, त्यात चढणं उतरणं आणि धावपट्टीपर्यंत जाणं याचा अर्धा तास धरा.

मग साडेदहा कसे झाले? एक तर वारा. 9 ते 12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, हिवाळ्यात जास्तच, तो जाताना समोरून येतो आणि येताना पाठीमागून ढकलतो. दुसरं म्हणजे वाट. मुलांचा पृथ्वीगोल घ्या आणि मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरा, सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ सिरिया-तुर्कस्तानच्या सीमेकडून जाते पण गोलावरचा दोरा कराची, इराण, जॉर्जिया, काळ्या समुद्राचा काठ करत थेट युक्रेनवरून जातो. सगळ्यात जवळची वाट तीच, पण युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद आहे आणि पाकिस्ताननं एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली, त्यामुळे वळसा पडतो. म्हणून जाताना दीड-दोन तास जास्तीचे धरा, येताना अर्धा तास पुरतो.

आईला मी डॉक्टरांना विचारून एका कागदावर मोठ्या अक्षरात सगळ्या वेळा भारताच्या घड्याळानंच लिहून दिल्या, रात्री साडेआठला जेवण आणि गोळी, दोन्ही विमानातच, आणि सांगितलं की मी भेटेपर्यंत मनगटावरचं घड्याळ बदलू नकोस. विमान उतरलं तेव्हा तिच्या घड्याळात साडेअकरा वाजले होते, आणि कागदावर गोळीपुढे तिनं पेनानं बरोबरची खूण केली होती.