दुसरी भाषा शिकणाऱ्यांवर संशोधन करायचंय?

निकाल लागले की एमए झालेल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. "मॅडम, सेकंड लँग्वेज अ‍ॅक्विझिशनमध्ये पीएचडी करायचीय, टॉपिक सुचवा ना." म्हणजे मातृभाषेनंतरची भाषा माणूस कशी शिकतो, त्यावर. खरं तर टॉपिक बहुतेकांच्या मनात ठरलेलाच असतो: अमुक जिल्ह्यातल्या बारावीच्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनातील चुका. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट, म्हणजे विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणारं केंद्र, 'शोधगंगा' हा प्रबंधांचा संग्रह चालवतं, त्यावर एकदा शोधून बघा. जिल्ह्याचं नाव बदललं की नवा प्रबंध, अशी रांग दिसेल. त्या रांगेत उभं राहून पदवी मिळेलही, पण चार-पाच वर्षं त्यात तुमचा जीव रमणार आहे का?

मी मराठीवर काम केलं. बाहेरून आलेली मोठी माणसं मराठी कशी शिकतात, हा माझा विषय. याला डेटा शोधत हिंडावं लागत नाही. किराणा दुकानातला राजस्थानी मालक, हॉस्पिटलमधल्या केरळच्या सिस्टर, सराफाकडचे बंगाली कारागीर, रिक्षावाले भैया हे सगळे रोज मराठी बोलतात आणि ती कोणी त्यांना वर्गात बसवून शिकवलेली नसते. लहान मुलांचं म्हणाल तर मेळघाटातलं कोरकू बोलणारं, नंदुरबारचं पावरी बोलणारं किंवा गडचिरोलीचं माडिया बोलणारं मूल पहिलीत येतं तेव्हा त्याला मराठी ही दुसरी भाषा असते, पुस्तकावर 'प्रथम भाषा' छापलेलं असलं तरी. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे या मुलाच्या वाट्याला दोन परक्या भाषा एकदम येतात. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. सक्तीवर भरपूर बोललं गेलं, पण अमराठी मूल मराठीत आधी काय उचलतं आणि कुठे वर्षानुवर्षं अडकतं यावर इंग्रजीच्या मानाने फारच थोडं लिहिलं गेलंय. नव्या माणसाला एवढी मोकळी जागा दुसरीकडे क्वचित मिळेल.

या कामात नेमकं काय करतात ते एका वाक्यावरून सांगते. हिंदी मातृभाषा असलेल्या एक बाई रेकॉर्डिंगमध्ये म्हणाल्या, "मी मराठी शिकली." शिक्षक इथे "शिकले" असं दुरुस्त करून पुढे जाईल. आपल्याला तिथेच थांबावं लागतं, कारण हे "शिकली" तीन वाटांनी येऊ शकतं. हिंदीत "मैंने मराठी सीखी" म्हणताना क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. मराठी भाषा स्त्रीलिंगी, म्हणून शिकली. (आपल्याकडे सकर्मक क्रियापदं भूतकाळात कर्माप्रमाणे चालतात, पण शिकणे, विसरणे यांसारखी मोजकी कर्त्याला धरून राहतात, हे मराठी माणसालाही विचारल्याशिवाय जाणवत नाही.) दुसरी वाट म्हणजे "मैं गई"च्या धर्तीवर बाईंनी स्वतःच्या लिंगाप्रमाणे 'ई' लावली. तिसऱ्या वाटेत हिंदीचा संबंधच नाही. मुंबईत कितीतरी मराठी बायका सहज "मी गेली, मी आली" म्हणतात, यांनी तेच ऐकून उचललं असेल. मग त्याला चूक तरी कसं म्हणायचं?

एका वाक्यावरून निकाल लागत नाही. त्याच बाईंच्या तोंडून पुल्लिंगी कर्माचं वाक्य यायला हवं. "मी हा धडा शिकला" म्हणाल्या तर पहिली वाट. "मी हा धडा शिकली" म्हणाल्या आणि शिवाय "मी गेली"ही आलं तर दुसरी किंवा तिसरी. त्या दोहोंतलं कोणतं हे ठरवायला त्यांचे शेजारी कोण, मैत्रिणी कोण, त्या मराठी कोणाकडून ऐकतात, हे विचारावं लागतं. हेच वाक्य पुरुषाने म्हटलं असतं तर शेवटच्या दोन वाटा आपोआप बाद झाल्या असत्या. मला या विषयाची गोडी लागली ती या असल्या छाननीमुळे. तुम्हाला हे वाचताना कंटाळा आला असेल तर वेळीच दुसरा विषय बघा, हे मी मनापासून सांगते.

मातृभाषेवर सगळं खापर फोडायची घाई करू नका. मल्याळम क्रियापद लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही, बंगालीत क्रियापदाला लिंग नाही, तेव्हा "मुलगी आला" ऐकलं की कारण सापडल्यासारखं वाटतं. पण "शाळात" घ्या. 'घर'चं 'घरात' होतं, मग 'शाळा'चं 'शाळात' का नाही? हा हिंदी, मल्याळम, बंगालीतून आलेला प्रकार नव्हे. शिकणाऱ्याने मराठीचाच नियम पकडलाय आणि तो जरा जास्तच लांब ताणलाय. 1967 मध्ये पिट कॉर्डर यांनी मांडलं ते हेच: शिकणाऱ्याच्या चुकांत त्याची स्वतःची व्यवस्था दिसते. 1972 मध्ये लॅरी सेलिंकर यांनी त्या मधल्या भाषेला इंटरलँग्वेज नाव दिलं. हे दोन्ही लेख छोटे आहेत. परीक्षेच्या गाईड-पुस्तकांवर विसंबू नका, मूळच वाचा.

वाचनाचं म्हणाल तर अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशेनपासून सगळे सुरुवात करतात, कारण तो सोपा आहे: समजेल असं, किंचित वरच्या पातळीचं ऐकायला-वाचायला मिळालं की भाषा येते. लगेच त्याच्या विरोधातलं मेरिल स्वेन वाचा. कॅनडात इंग्रजी घरांतली मुलं शाळेत वर्षानुवर्षं फ्रेंचमधून शिकली, त्यांना ऐकलेलं उत्तम समजायचं, पण बोलण्या-लिहिण्यात व्याकरण कच्चं राहायचं. त्यावरून स्वेनबाईंनी 1985 मध्ये म्हटलं की स्वतः बोलावं-लिहावंही लागतं. आणि आपल्या घरचं म्हणून एन. एस. प्रभू यांचा बंगळुरू प्रकल्प सोडू नका. 1979 ते 1984 या काळात दक्षिणेतल्या साध्या शाळांत त्यांनी व्याकरण न शिकवता वेळापत्रक वाचणं, नकाशावरून वाट काढणं अशा कामांतून इंग्रजी शिकवून पाहिलं. जगभर टास्क-बेस्ड टीचिंगची, म्हणजे अशी कामं करवून घेत भाषा शिकवण्याची, चर्चा निघाली की हे नाव येतं, आणि आपल्याकडे बीएडच्या मुलांना ते माहीत नसतं.

आता डेटा. नवे लोक सगळ्यात आधी काय करतात, तर पन्नास हिंदी वाक्यं छापून "यांचं मराठी करा" म्हणून हातात देतात. भाषांतर करून घेणं सोपं, तुलनाही सोपी. पण समोर हिंदी वाक्य ठेवलं की मराठीत हिंदीची छाप जास्त उमटणारच, आणि मग प्रबंधात लिहायचं "मातृभाषेचा प्रभाव आढळला"! तो तुम्हीच कागदावर ठेवला होता. भाषांतर वापराच, पण सोबत दुसरं काहीतरी हवं. शब्दांशिवायची चित्रकथा दाखवून गोष्ट सांगायला लावणं ही जुनी आणि भरवशाची पद्धत आहे. भाषाशास्त्रज्ञ वॉलेस चेफ यांनी 1975 मध्ये पेरची (नासपतीची) फळं चोरणाऱ्या मुलाची सहा मिनिटांची संवादहीन फिल्म याच कामासाठी करवून घेतली, ती आजही वापरतात. त्याशिवाय मोकळ्या गप्पा. सिस्टरना "ड्यूटी कशी असते?" विचारलं तर दोन वाक्यं मिळतात. "पहिल्यांदा पुण्यात आलात तेव्हा काय झालं?" विचारलं की भूतकाळाची खाणच उघडते.

मराठी भाषकांचाही तेवढाच डेटा घ्या, नाहीतर तुलना कशाशी करणार? पुस्तकी मराठीशी तुलना केली तर निम्मा महाराष्ट्र चुकीचा ठरेल. आपण स्वतःच कुठे एकमताने बोलतो? एक म्हणतो मेल आला, दुसरा म्हणतो मेल आली. परभाषक 'मेल आली' म्हणाला म्हणून त्याच्या खात्यात चूक टाकायची का?

परवानगीचा कागद त्या माणसाच्या भाषेत असू द्या, आणि तोंडीही समजावा. आवाज कुठे जाणार, कोण ऐकणार, नाव लपवणार का हे सांगा. मालकामार्फत कामगारांना बोलावू नका. मालकाने सांगितलं म्हणून आलेला माणूस नाही म्हणू शकत नाही, आणि तो बोलतोही परीक्षेला बसल्यासारखं. विद्यापीठाची एथिक्स कमिटी असेल तर तिची मंजुरी रेकॉर्डिंगच्या आधी लागते.

रेकॉर्डिंग ऐकून शब्दन्‌शब्द स्वतः उतरवा. तासाभराच्या रेकॉर्डिंगला आख्खा दिवस सहज जातो आणि पाठ धरते. पण निम्मे शोध तिथेच लागतात. रेकॉर्डिंगसोबत मजकूर टिपायला नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटचं ईलान आणि ध्वनी तपासायला प्रात, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. देवनागरीत टिपताना एक गोम लक्षात ठेवा: 'चार'मधला आणि 'चारा'मधला च आपण वेगळा उच्चारतो, लिहितो मात्र सारखाच. परभाषकांची तिथे हमखास फजिती होते, आणि नुसत्या देवनागरीत ती कागदावर दिसतच नाही. खूण ठरवून घ्या किंवा आयपीए (उच्चार लिहायची आंतरराष्ट्रीय लिपी) शिका. आकडेवारीसाठी 'आर' (R) हे सॉफ्टवेअर शिकावं लागेल. भाषेची मुलं त्याला उगाच घाबरतात.

भाषांतराभ्यास हा शेजारचा पण वेगळा मुलूख आहे. जेम्स होम्स यांनी 1972 मध्ये कोपनहेगनला त्याचा नकाशा मांडला, तेव्हापासून तो स्वतंत्र विषय म्हणून उभा आहे. आपल्याकडे त्याचा अर्थ 'अमुक कादंबरीच्या अनुवादाचा अभ्यास' एवढाच लावतात. अनुवादक काम करताना डोक्यात काय चालतं, तो कुठे थांबतो, कुठे खोडतो, हेही टिपता येतं. कळफलकाचा प्रत्येक टोला नोंदवणारी ट्रान्सलॉगसारखी सॉफ्टवेअर त्यासाठीच आहेत. मराठी अनुवादक घेऊन हे करायला खूप वाव आहे. आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजीचा धडा कसा चालतो बघितलंय? गुरुजी एक ओळ वाचतात, तिचा मराठीत अर्थ सांगतात, पुढची ओळ. पद्धत मागासलेली म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ. त्या अर्थातून मुलांच्या हाती नक्की काय लागतं हे महिनाभर मागच्या बाकावर बसून टिपणारा मला हवा आहे.

पैशाचं बोलू. नेट ही यूजीसीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्या, आणि तिशीच्या आत तिच्यातून मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधनवृत्तीसाठी जोर लावा. पहिला पेपर 100 गुणांचा, विषयाचा 200 गुणांचा. जेआरएफ मिळाली तर 2023 पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 आणि पुढे 42,000 रुपये, घरभाडं वेगळं. ती नसेल तर भाषांतराची कामं, मराठीच्या खासगी शिकवण्या, भाषा-तंत्रज्ञान कंपन्यांची डेटाची कामं यांवर निभतं, पण पीएचडी लांबते. नियमाप्रमाणे किमान तीन, कमाल सहा वर्षं. नंतरच्या प्राध्यापकीचं चित्र लपवण्यात अर्थ नाही: पक्क्या जागा कमी, तासिका तत्त्वावरच्या जास्त. "पैसे भरा, आठ दिवसांत पेपर छापतो" म्हणणाऱ्या जर्नलांकडे चुकूनही फिरकू नका, मुलाखतीत ते पेपर उलटे अंगावर येतात.

कुठे जाल? पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजचा भाषाविज्ञान विभाग, आणि त्याच आवारात म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानचं पश्चिम विभागीय केंद्र, जिथे इतर राज्यांतले शिक्षक येऊन मराठी शिकतात. मुंबई विद्यापीठातही भाषाविज्ञान विभाग आहे. अध्यापनशास्त्राकडे ओढा असेल तर हैदराबादची इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ.

पीएचडीच्या गाईडला पहिला मेल लिहिताना "आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची तीव्र इच्छा आहे" वगैरे नको. पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग करा, त्यातली तुम्हाला कोड्यात टाकणारी चार वाक्यं उतरवा, ती कोड्यात का टाकतात ते एका परिच्छेदात लिहा, आणि त्यांचा एखादा लेख वाचून त्यावर एक प्रश्न विचारा. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण करा. एप्रिल-मेमध्ये पाठवू नका, सगळे पेपर तपासत असतात.