रात्री चारदा उठणं कसं थांबलं

बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, खरेदीला निघालो की आधी मुतारी कुठे ते आठवायचं, अशी गत झाली होती. शुगर असेल म्हणून धास्तावलो. पण उपाशीपोटी ९२ निघाली, लघवीत जंतुसंसर्ग नाही, सोनोग्राफीत प्रोस्टेटही ठीक. डॉक्टरांनी तीन दिवस वही लिहायला लावली: काय प्यालो, कधी गेलो, मापाच्या भांड्यात किती मिली. वहीनंच चोर पकडला. दिवसाला सात चहा, शेवटचा रात्री दहाला! चहातल्या कॅफिननं लघवी वाढते, मूत्राशयही चाळवतं. चहा दोनवर आणला, तोही दुपारी चारच्या आत. पाणी मात्र तोडलं नाही. नागपूरच्या उन्हात तो आगाऊपणा नको. कळ आली की आधी ५, मग १५ मिनिटं दम धरायचा, हे सगळ्यात जड गेलं. दीड महिन्यानं आता रात्री एकदाच उठतो. बायको म्हणते, संडासाच्या कडीनं झोपमोड होत नाही.