गिअरबॉक्सचे ऑइल बदलण्यापूर्वी
जुन्या मॅन्युअल स्पोर्ट्स कारच्या गिअरबॉक्समधील ऑइल काढण्याआधी, ते भरण्याचा बाजूचा बोल्ट सैल होतो की नाही हे तपासावे. तो गंजून अडकला असेल आणि ऑइल आधीच काढून टाकले असेल, तर गाडी जागेवरच अडकून पडते. ऑइल निवडताना केवळ ७५डब्ल्यू-९० हा ऑइलचा दाटपणा सांगणारा आकडा पाहणे पुरेसे नसते. अनेक जुन्या गिअरबॉक्समधील सिंक्रोनायझर रिंग (गिअर बदलताना फिरत्या भागांचा वेग जुळवणाऱ्या कड्या) पितळेच्या असतात, आणि जीएल-५ दर्जाच्या (जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर ऑइलचे दर्जे आहेत) काही ऑइलमधील गंधकयुक्त घटक पितळेला मारक ठरतात, शिवाय रिंगला आवश्यक असलेले घर्षणही कमी झाल्याने गिअर टाकताना खरखर होऊ शकते; म्हणून गाडीच्या माहितीपुस्तिकेत जीएल-४ सांगितले असेल, तर (दुकानदार दोन्ही सारखेच म्हणाला तरी) तेच वापरावे. काढलेल्या ऑइलमध्ये पोलादाचे तुकडे आढळल्यास मात्र गिअरबॉक्स उघडावाच लागेल.