शेवंतीवर कापूस पांघरताना

जपानात नवव्या महिन्याच्या नवमीला चोयो हा शेवंतीचा सण असतो. आदल्या संध्याकाळी फुलांवर कापूस पांघरायचा, रात्रभर दव मुरू द्यायचं आणि सकाळी त्याने अंग-तोंड पुसायचं. याला किसेवाता म्हणतात. आयुष्य वाढतं ही समजूत. आता तिथे ९ सप्टेंबर धरतात, पण तेव्हा शेवंती नीट फुललेली नसते. जुनी चांद्र तिथी आपल्या खंडेनवमीच्या आसपास येते, एखाद्या वर्षी कार्तिकात. हे मराठवाड्यात करून पाहायचं असेल तर कार्तिकच धरा. ऑक्टोबरच्या उन्हात दवाचा भरवसा नाही.

सगळं अडतं ते कापसावर. जपानात तो खरं तर रेशमाचा, कोषातून ताणून काढलेला. आपल्याकडे घरात कापूस पडलेलाच असतो, पण वेचलेला तसाच वापरला तर दव वरच थेंब होऊन बसतं, कारण धाग्यावर मेण असतं. सरकी काढा, कापूस मलमलच्या पोटलीत सैल बांधा (मोकळा उकळला तर गोळा होतो) आणि लिटरभर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा टाकून तासभर उकळा. बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवा, वाळवून हाताने पिंजा. चिमूटभर पाण्यात टाकून पाहा. लगेच बुडाला तर जमलं. एवढा खटाटोप नको असेल तर मेडिकलमधला कापूस आणा.

पांढऱ्या फुलावर पिवळा कापूस घालतात. त्यासाठी करडईच्या वाळल्या पाकळ्या रात्रभर गार पाण्यात भिजवून ते पाणी वापरा. हळद नको, तोंडाला लागते.

फूल कुंडीतलंच घ्या. बाजारच्या फुलांवर काय फवारलंय कळत नाही. पूर्ण उमललेलं फूल निवडा, देठाला तुराटीचा आधार द्या. कापूस इतका पातळ पसरा की खालचा रंग दिसला पाहिजे. जाड थर वरच ओला होतो, वास उतरत नाही.

कुंडी दिवस मावळल्यावर उघड्या आभाळाखाली, मातीच्या अंगणात ठेवा. पत्र्याखाली दव पडत नाही आणि स्लॅब रात्रीही तापलेला असतो. ढग किंवा वारा असेल तर त्या दिवशी राहू द्या. पाणी शिंपडून कापूस ओला होईल, पण ती किसेवाता नव्हे.

ऊन यायच्या आत कापूस उचला. शेवंतीने काहींच्या अंगाला खाज सुटते, म्हणून आधी मनगटावर लावून बघा.

कुंडीला कळ्याच धरल्या नसतील तर रात्री तिच्यावर रस्त्याचा दिवा पडतो का ते पाहा. शेवंतीला लांब, काळोखी रात्र लागते.