ठोसा दिसण्याआधी: ऑनलाइन बॉक्सिंगच्या रँक्ड सामन्यांत उतरणाऱ्यांसाठी

‘अनडिस्प्युटेड’ या बॉक्सिंगच्या व्हिडिओ खेळात रँक्ड, म्हणजे क्रमवारी ठरवणारे, सामने खेळू लागून मला दोन महिने झाले होते, तेव्हा एका रात्री एका अनोळखी प्रतिस्पर्ध्याने मला सलग तीनदा हरवले आणि नंतर एका ओळीचा निरोप पाठवला: दोन जॅब मारले की तुम्ही दर वेळी डावीकडे झुकता. मला ते पटले नाही, म्हणून साठवलेले सामने मी पुन्हा लावून मोजले. सतरा वेळा मी लागोपाठ दोन जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे झटपट सरळ ठोसे, मारले होते आणि त्यांपैकी पंधरा वेळा डावीकडे, म्हणजे थेट त्याच्या उजव्या हाताच्या वाटेत, झुकले होते; दुसऱ्या सामन्यापासून त्याचा उजवा अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, तिथे आधीच निघालेला असे. त्याची बोटे माझ्यापेक्षा चपळ आहेत, हा माझा समज त्या मोजणीत निकाली निघाला. या खेळात नव्याने स्पर्धात्मक पातळीवर येणाऱ्यांसाठी मी जे लिहीत आहे, ते बहुतांशी त्या मोजणीतूनच सुरू झाले.

माझी सुरुवात २०११ साली आलेल्या ‘फाइट नाइट चॅम्पियन’ने झाली, तीही भावाच्या जुन्या कन्सोलवर. त्यानंतर खऱ्या बॉक्सिंगची शिस्त पाळू पाहणारा त्या तोडीचा मोठा खेळ दशकभराहून अधिक काळ आला नाही. इंग्लंडमधील शेफिल्डच्या स्टील सिटी इंटरॅक्टिव्हचा ‘अनडिस्प्युटेड’ जानेवारी २०२३मध्ये अपूर्ण अवस्थेत खेळायला मिळाला आणि ऑक्टोबर २०२४मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. दोन्ही खेळांची बटणे वेगळी असली, तरी खाली सांगितलेली तत्त्वे दोन्हीकडे लागू पडतात, म्हणून बटणांची नावे मी टाळली आहेत.

नवा खेळाडू समोरचा ठोसा पाहून तो अडवण्याचा प्रयत्न करतो. हे का जमत नाही, ते एकदा हिशेबाने समजून घ्यावे. डोळ्यांनी काही टिपल्यापासून बोट हलेपर्यंत सर्वसाधारण माणसाला २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. सेकंदाला ६० चौकटी (फ्रेम) दाखवणाऱ्या खेळात एक चौकट सुमारे १७ मिलिसेकंदांची असते, म्हणजे आपली प्रतिक्रिया येईपर्यंत बारा ते पंधरा चौकटी सरलेल्या असतात. त्यात अंतराची भर पडते. इंटरनेटच्या केबलमधील काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो आणि मुंबई ते लंडन हे सरळ रेषेतले अंतर सुमारे ७२०० किलोमीटर आहे. त्यामुळे तिथल्या खेळाडूशी खेळताना केवळ जाण्यायेण्यात किमान ७२ मिलिसेकंद, म्हणजे चारांहून अधिक चौकटी खर्च होतात, आणि प्रत्यक्षातली केबल सरळ रेषेत जात नसल्याने आकडा याहून मोठाच असतो. लांबून फिरवून मारलेला जोरदार हुक पाहून अडवता येतो. जॅब मात्र पाहून अडवता येत नाही. तो येणार आहे, हे आधी ओळखावे लागते.

यंत्रसामग्रीबद्दल थोडक्यात सांगते. वायफायऐवजी केबल जोडावी, कारण विलंब थोडा जास्त पण एकसारखा असेल तर हात त्याला सरावतो, मात्र क्षणाक्षणाला बदलणारा विलंब कोणालाच सावरता येत नाही. टीव्हीवर खेळत असाल तर त्यातला ‘गेम मोड’ चालू करावा. चित्र अधिक गोंडस करण्याच्या नादात टीव्ही जो वेळ खातो, तो त्याने वाचतो. मी हे सहा महिने केले नव्हते आणि त्या काळातल्या पराभवांचे खापर घरातल्या इंटरनेटवर फोडत होते.

आता मुख्य भाग, म्हणजे ओळखायचे कसे. पहिल्या फेरीत मी जिंकण्यासाठी खेळत नाही. एक जॅब मारून अर्धे पाऊल मागे घेते आणि समोरचा काय करतो ते पाहते: तो लगेच उलट ठोसा मारतो, हात वर घेऊन थांबतो की मागे सरकतो. मग तेच पुन्हा करते. दबावाखाली माणूस विचार करत नाही, त्याचा अंगठा सवयीने चालतो, आणि तीच गोष्ट तीनदा घडली की चौथ्यांदा ती घडेल असे धरून मी आधीच ठोसा टाकते. मार खाल्ल्यावर तो काय करतो, हे सर्वांत बोलके असते. बहुतेक नवे खेळाडू डोक्याला ठोसा लागताच ब्लॉकचे बटण दाबून धरतात, आणि अशा वेळी पोट उघडे पडते. काही जण चिडून तत्काळ उजवा हात फेकतात. त्यांच्यासमोर जॅबनंतर फक्त मागे झुकायचे, त्यांचा हात हवेत गेला की काउंटर, म्हणजे उलट ठोसा, मारायचा. समोरचा खेळाडूही तुमचे असेच वाचन करत असतो, म्हणून ठोशांची एखादी जोडी दोनदा यशस्वी झाली की तिसऱ्यांदा तिचा शेवट मुद्दाम बदलावा. डोक्यावर संपणारी जोडी पोटावर संपवावी, किंवा शेवटचा ठोसा मारूच नये.

अंतराचा विषय मला खेळातून कळला नाही, तो पुण्यात कॅम्पातल्या एका लहानशा बॉक्सिंग वर्गात कळला. तिथले वयस्कर प्रशिक्षक पहिला महिनाभर हातमोजे घालूच देत नसत. “हात नंतर बघू गं, आधी पाय दाखव,” असे म्हणून ते जमिनीवर खडूने चौकोन काढत आणि आम्हांला त्यात पुढेमागे सरकायला लावत. तेव्हा कंटाळा येई. पण पडद्यावरही तेच खरे आहे: जॅबच्या टप्प्याच्या चार बोटे बाहेर उभे राहता आले, तर अडवण्याचा प्रश्नच उरत नाही. समोरच्याचा ठोसा हुकतो, हुकलेल्या ठोशात त्याचा दम नेमक्या लागलेल्या ठोशापेक्षा अधिक जातो आणि हात परत येईपर्यंत तो उघडा राहतो. त्याच क्षणी एक पाऊल आत जाऊन जॅब आणि क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, मारावा आणि बाहेर पडावे. बाहेर पडताना सरळ मागे जाऊ नये, कारण दोन-तीन पावलांत पाठ दोरांना लागते, तिरके निघावे.

दम म्हणजे स्टॅमिना, आणि तो घरखर्चाच्या पैशांसारखा आहे. बहुतेक पराभवांचे मूळ मी याच ठिकाणी पाहिले आहे. लगेच भरून येणारा दम आणि सामनाभर हळूहळू कमी होत जाणारा दम असे दोन वेगळे हिशेब असतात. पहिल्याकडे सर्वांचे लक्ष असते, दुसऱ्याकडे नसते. पाच-सहा ठोशांची सरबत्ती पाहायला छान वाटते, परंतु त्यातले शेवटचे तीन बहुधा ब्लॉकवर आदळतात आणि मारणारा दमतो. दोन किंवा तीन ठोसे मारून थांबणे हे शिकायला सर्वांत अवघड गेले. उलट, पोटावर मारलेल्या ठोशांचा मोबदला उशिरा मिळतो: पहिल्या तीन फेऱ्यांत काहीच घडले नाही असे वाटते आणि नंतर समोरच्याचे हात जड होऊ लागतात. मात्र पोटाकडे वाकताना आपले डोके अपरकटच्या वाटेत येते, म्हणून आधी जॅबने त्याचे हात वर घ्यायला लावावेत आणि मगच खाली जावे.

येथे एका मोहाबद्दल सावध करते. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासा येथे मुहम्मद अलीने दोरांना टेकून जॉर्ज फोरमनला थकू दिले आणि आठव्या फेरीत बाद केले, ही गोष्ट बॉक्सिंगप्रेमींना पाठ असते. खेळात अलीही निवडता येतो, त्यामुळे मीही दोरांना टेकले. तिसऱ्या फेरीत माझाच निकाल लागला. अली टेकून नुसता मार खात नव्हता. तो मान मागे नेत होता, मिठी मारत होता आणि मधूनच नेमके ठोसे परत करत होता. बटण दाबून उभे राहणे म्हणजे ते तंत्र नव्हे.

डावखुऱ्या, म्हणजे साउथपॉ बॉक्सरसमोर नवे खेळाडू गोंधळतात. तिथे दोघांचे पुढचे पाय एकमेकांसमोर येतात आणि जॅब त्याच्या पुढच्या हाताला अडखळतो. आपण उजव्या हाताचे असलो, तर आपले डावे पाऊल त्याच्या उजव्या पावलाच्या बाहेर राहील असे सरकावे. त्यामुळे त्याचा जोरदार डावा हात दूर जातो आणि आपला उजवा सरळ ठोसा मधून शिरतो.

सामना बाद न होता संपला तर गुणांवर ठरतो. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुधा ९, आणि एकदा खाली पडल्यास ८, ही खऱ्या बॉक्सिंगमधली पद्धत आहे. म्हणून एका नॉकडाउनची भरपाई करायला दोन फेऱ्या जिंकाव्या लागतात, हे लक्षात ठेवून आघाडीवर असताना उगाच धोका पत्करू नये. तसेच पाय लटपटू लागले असता उलट ठोसे मारण्याची उबळ आवरावी. क्लिंच करावा, म्हणजे समोरच्याला मिठी मारून अडकवावे, किंवा तिरके चालत वेळ काढावा. माझे निम्म्याहून अधिक नॉकडाउन हे पहिल्या जबर ठोशाने झालेले नाहीत, त्यानंतर मी रागाने मारलेल्या ठोशामुळे झालेले आहेत.

बॉक्सर निवडताना सर्वाधिक गुणांकन असलेल्याच्या मागे धावू नये, कारण दर सुधारित आवृत्तीबरोबर बलाबल बदलते. ज्याच्या जॅबचा टप्पा आणि पावलांची गती तुमच्या हाताला पटते, असा एक निवडून दोन-तीन महिने त्याच्याशीच राहावे. मी रोज वीस मिनिटे सरावाच्या रिंगमध्ये फक्त पाय आणि जॅब वापरते, मग जास्तीत जास्त तीन रँक्ड सामने खेळते. लागोपाठ दोन हरले की त्या दिवशी तिसरा खेळत नाही. हरलेल्या सामन्यांपैकी एक दुसऱ्या दिवशी निवांतपणे पाहते आणि प्रतिस्पर्ध्याने नव्हे, तर मी कोणती गोष्ट तीनदा केली, तेवढेच वहीत लिहिते.

डावीकडे झुकण्याची नोंद त्या वहीत पहिल्या पानावर आहे आणि ती खोडलेली आहे. गेल्या आठवड्यातली नोंद अशी आहे: फेरीची शेवटची दहा सेकंदे उरली की मी ब्लॉक सोडून पुढे धावते. ती अजून खोडायची आहे.